तुरटीपासून सुरुवात : भरदार लाल वाइनच्या चाखणीच्या नोंदी

५ जानेवारी

आज कामाला हात घातला. भरदार लाल वाइन चाखायच्या, त्यांचं वर्णन मराठीत लिहायचं आणि कोणती वाइन कोणत्या पदार्थाबरोबर जमते, का जमते, हे स्वतः तपासून नोंदवायचं. अडीच महिने, साधारण दर रविवारी एक बैठक. चाखणारे चौघे: मी, ताई, दाजी आणि हॉटेलात स्वयंपाक करणारा माझा एक मित्र. ताई मांसाहार करत नाही. मित्राची जीभ तयार आहे, पण वाइनबद्दल तो फार बोलत नाही. दाजींना वाइनची काहीच माहिती नाही, आणि मला तसंच कुणीतरी हवं होतं.

हे करावंसं वाटलं ते वर्णनं वाचून वाचून. 'पूर्ण शरीराची वाइन', 'उत्तम रचना', 'लांब शेवट' असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याच्या तोंडात काहीच उभं राहत नाही. याउलट कुणी नुसतं 'दात आंबले' म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या गालात पाणी येतं. तोंडात काय घडतं हे सांगणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ते वाइनला लावून कितपत पुरतात, हे मला बघायचं आहे.

वर्णन चांगलं की वाईट हे ठरवायची कसोटी आधीच पक्की करून ठेवते. तीन वाइन, तीन वर्णनं. एकानं लिहायची, दुसऱ्यानं प्याल्यांची जागा बदलल्यावर नुसती चाखून जुळवायची. डोळे मिटून जुळवली तरी तीनपैकी सरासरी एक बरोबर येतेच, त्यामुळे एक म्हणजे शून्य धरायचं. तिन्ही जुळल्या तरच वर्णन कामाचं.

'भरदार' म्हणजे काय, हेही लिहून ठेवते. मद्यार्क १४ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, तुरटपणा ठसठशीत, रस तोंडात दाट लागणारा, आणि वास प्यालाभर. चारही गोष्टी एकाच वाइनमध्ये असायला हव्यात असं नाही.

८ जानेवारी

सामान जमलं. प्याले चाखणीचे, आयएसओ ३५९१ या १९७७च्या मानकाप्रमाणे: पोटाशी रुंद, वर निमुळते, मावतं २१५ मिलिलिटर आणि ओतायचं फक्त ५०. उरलेली रिकामी जागा वासासाठी. वाइन १६ ते १८ अंशांवर द्यायची. त्याहून गरम झाली की मद्यार्क नाकात घुसतो आणि बाकीचं काही कळत नाही. फार थंड असली की तुरटपणा आडदांड होतो आणि वास दबतो. थुंकायला प्रत्येकाला वेगळं भांडं. सगळं गिळत बसलं तर पुढच्या नोंदींवर विश्वास ठेवता येणार नाही.

१२ जानेवारी

आज वाइन उघडलीच नाही. आधी जिभा एका सुरात आणायच्या होत्या. चार प्याले ठेवले: लिंबाचं पाणी, साखर न घातलेली कडक कॉफी, पंधरा मिनिटं उकळून गार केलेला बिनदुधाचा चहा, आणि चिमूटभर खाण्याजोगी तुरटी विरघळवलेलं पाणी. शेवटच्या पाण्यानं फक्त चूळ भरायची आणि थुंकायचं.

दाजी तुरटीच्या पाण्याला आंबट म्हणाले.

"दाजी, लाळ सुटतेय की आटतेय?"

त्यांनी जीभ टाळूवर फिरवली. "आटतेय. गाल आतून दातांना चिकटल्यासारखे वाटतायत."

"मग लिंबाचं पाणी घ्या."

"ह्यानं सुटली."

दिवसभराचं काम या दोन वाक्यांत झालं. आंबटानं लाळ सुटते, तुरटानं आटते, आणि कडू गिळून झाल्यावरही उरतं. वाइनच्या नोंदींत या तिघांची सर्रास गल्लत होते, म्हणून हा प्रश्न चाखणीच्या कागदावर सगळ्यात वर छापून घेतला.

तुरटपणामागचं कारण समजून घेतलं की हे विसरायला होत नाही. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठात टॅनिन असतं. ओकच्या पिंपातूनही थोडं उतरतं. आपली लाळ निसरडी असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन त्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, लाळेचं वंगण जातं आणि जीभ, गाल, हिरड्या एकमेकांवर घासायला लागतात. म्हणजे शास्त्राच्या हिशेबात तुरट ही चव नाही, तो स्पर्श आहे. षड्रसांत मात्र कषाय हा सहावा रस म्हणून मानाने बसलेला आहे, आणि चाखताना मला ते पटतं, कारण तोंडाला दोन्ही एकदमच कळतं. (जाता जाता: संस्कृतातला कटु म्हणजे तिखट, आणि आपलं कडू त्याच शब्दावरून आलेलं. शब्द आपल्याकडे आला आणि चव बदलून बसला. चवीचे शब्द इतके सरकतात, म्हणून चाखणाऱ्यांनी आधी एकत्र बसून ते जुळवून घ्यायला हवेत.)

शेवटी त्या कडक चहात दोन चमचे दूध घालून पुन्हा प्यायला दिला. तुरटपणा जवळजवळ गेला. दुधातलं केसीन टॅनिनला आधीच धरतं, लाळेपर्यंत पोचू देत नाही. ताई म्हणाली, "म्हणजे चीज आणि वाइनचं गणित हेच की गं!" हेच. आजच्या दिवसाचा हिशेब पुढे सगळीकडे लागणार आहे.

१९ जानेवारी

पहिली खरी बैठक. तीन वाइन, नावं त्यांच्या द्राक्षांची: कॅबर्ने सोव्हिन्यों, माल्बेक, शिराझ. आधी रंग, मग वास, मग चव, अशा नेहमीच्या क्रमाने लिहिलं. जुळवणीत चौघांचे निकाल: एक, एक, शून्य, एक. म्हणजे काहीच हाती लागलं नाही.

कागद समोरासमोर ठेवले तेव्हा कारण दिसलं. तिन्ही वाइनपुढे चौघांनी 'गडद जांभळा, काळी फळं, मसाले' असंच लिहिलेलं. त्यात चूक काही नाही, पण त्यावरून एकीला दुसरीपासून वेगळं काढता येत नाही.

मग कागद बाजूला ठेवून एकेका वाइनवर बोललो.

कॅबर्नेत मित्राला ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा वास आला. तो वास पायराझीन गटातल्या रेणूंचा. ढोबळी मिरचीतही तेच असतात. द्राक्ष पिकत जातं, घडांवर ऊन पडतं, तसे ते कमी होत जातात. म्हणून वासात हिरवेपणा जाणवला तर द्राक्ष थोडं अलीकडे तोडलं किंवा थंड जागी वाढलं असा अंदाज बांधता येतो. हा गुण तिला वारशानं आलेला आहे: १९९७ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन बावर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दाखवलं, की कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांची संतती. काळ्या द्राक्षाला एक पालक पांढरा, आणि दोन्ही पालकांकडे तो हिरवा वास.

शिराझवर आमचं बराच वेळ अडलं. ताईला, मला आणि मित्राला काळी मिरी कुटल्यासारखा स्वच्छ वास येत होता. दाजींना काहीच नाही. त्यांनी तीनदा प्याला फिरवला, हातानं झाकून ठेवला, पुन्हा हुंगला. "तुम्ही म्हणता म्हणून मी लिहू का?" असं त्यांनी विचारलं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं. लिहू नका म्हटलं. या वासामागे रोटंडोन नावाचा रेणू आहे. शिराझमधली मिरी त्याचीच, हे ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. काळ्या मिरीतही तोच. लिटरमागे अवघे १६ नॅनोग्रॅम असला तरी लाल वाइनमध्ये ओळखू येतो. पण त्यांच्याच चाचण्यांत साधारण पाचातल्या एकाला तो भरपूर प्रमाणातही आला नाही. दाजी त्या पाचव्यांतले असावेत. कुणाला एखादा वास येत नसेल तर त्याच्यासाठी तो वर्णनात असून उपयोग नाही. म्हणजे नुसत्या वासावर टेकलेलं वर्णन काही वाचणाऱ्यांना दगा देणारच.

माल्बेकला आज न्याय मिळाला नाही. गोलसर, मऊ, फळ भरपूर, इतकंच लिहिलंय. मूळ फ्रान्समधल्या काओरची. १८५३ साली मिशेल एमे पूजे यांनी अर्जेंटिनात नेली आणि तिथे मेंडोझाच्या उंच, कोरड्या, उन्हाच्या मळ्यांत ती बहरली. पुन्हा चाखायची.

२२ जानेवारी

कागद नव्याने आखला. क्रम उलटा केला: आधी तोंड, मग वास, रंग सगळ्यात शेवटी.

फळाच्या रकान्यात आता फळाचं नाव नाही. त्याऐवजी फळाची अवस्था: कच्चं, ताजं, पिकून मऊ झालेलं, साखरेत शिजलेलं, सुकलेलं. मला हे या प्रकल्पातलं सगळ्यात उपयोगी पाऊल वाटतंय. ज्यानं ब्लॅककरंट कधी खाल्लंच नाही त्याला ब्लॅककरंट लिहून काय मिळणार? पण ताजं फळ आणि मुरंबा यांतला फरक कुणालाही नाकानं सांगता येतो. शिवाय अवस्था खरी माहिती देते: द्राक्ष किती पिकलं, मळा किती तापला, वाइन किती मुरली.

चव-वासाच्या अभ्यासक ॲन नोबल यांनी १९८४ साली डेव्हिसमध्ये वासांचं चक्र, म्हणजे वाइनच्या वासांचे शब्द वर्तुळात लावलेली यादी, मांडलं, त्याचा धागा मी सोडत नाहीये. 'छान', 'डौलदार' असले शब्द काढून टाका, ज्याचा खरा नमुना बाटलीत घालून दाखवता येईल असेच शब्द वापरा, ही त्यांची शिस्त मला पूर्ण मान्य आहे. फक्त चक्र वासाचं आहे, आणि भरदार वाइनची खरी ओळख तोंडातल्या स्पर्शात आहे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलंय.

२६ जानेवारी

त्याच तीन वाइन, नव्या बाटल्या, नवा कागद, आणि प्याल्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळलेला. झाकण्याचं कारण मित्राला पटत नव्हतं, तेव्हा त्याला फ्रान्समधल्या बोर्दोचा प्रयोग सांगितला. २००१ साली मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना एक पांढरी वाइन आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. रंगवलेलीचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांना रंगानं फिरवलं, तर आमचं काय.

निकाल: दोघांच्या तिन्ही बरोबर, दोघांची एक-एक.

एक अडचण ध्यानात आली. तिसरा प्याला नेहमी जास्त तुरट वाटतो, मग त्यात काहीही असो. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो. यापुढे दोन प्याल्यांमध्ये दोन मिनिटं थांबायचं, पाणी आणि बिनमिठाचं बिस्किट, आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा.

२ फेब्रुवारी

आजची बैठक मला फार आवडली.

इटलीची बारोलो, फ्रान्सची मादिराँ आणि झिनफँडेल. काळे कागद काढल्यावर दाजी बघतच राहिले. सगळ्यात ज्या वाइननं तोंड ओढलं तीच रंगाला सगळ्यात फिकी, विटकरी कडेची: बारोलो. नेबिओलो द्राक्षाचं हे वैशिष्ट्य आहे. रंग थोडका, टॅनिन उदंड, आंबटपणाही चढा. कायद्याने बारोलोला किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, आणि तरीही ती तरुणपणी कडकच लागते. गडद म्हणजे भरदार हा समज तिथल्या तिथे मोडला.

मादिराँ ही तॅना द्राक्षाची. नावातच टॅनिन आहे. ही इतकी राकट, की तिला नरमवण्यासाठी वाइनमधून प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडण्याची पद्धत याच भागातल्या पॅट्रिक द्युकुर्नो यांनी १९९०च्या दशकात शोधून काढली. आता जगभर वापरतात.

ताईनं दोन्हींचा तुरटपणा वेगळा लिहिला होता, तो जसाच्या तसा उतरवते. बारोलो: "बारीक. रेशमी कापडाची उलटी बाजू हिरड्यांवरून ओढल्यासारखं. पुढच्या दातांपाशी सुरू होतं आणि थांबतच नाही. लाळ सुटते आणि आटते, दोन्ही एकदम." मादिराँ: "भरभरीत. गोणपाट. गालांच्या आत, जिभेच्या मधोमध. लाळ फक्त आटते." हे वाचून दाजींनी दोन्ही प्याले पहिल्या घोटात ओळखले. मिरीचा वास न येणाऱ्या माणसाला गोणपाट आणि रेशीम यांतला फरक विनासायास कळला.

झिनफँडेलमध्ये तुरटपणा बेताचा, पण १५ टक्क्यांवरचा मद्यार्क आणि शिजलेलं फळ. या द्राक्षाचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवट आणि काही मनुका होऊ घातलेले असतात. सगळे पिकेपर्यंत थांबलं की साखर वाढते, पर्यायाने मद्यार्कही. इटलीतलं प्रिमितिव्हो तेच, आणि क्रोएशियात त्याचं मूळ सापडलं. तिचं वर्णन असं ठरलं: "तोंडात गुळगुळीत, घशात ऊब, नाकात मुरंबा."

जुळवणीत चौघांच्याही तिन्ही बरोबर. पहिल्यांदाच.

पक्के झालेले शब्द: पिठूळ, भरभरीत, खरखरीत, गुळगुळीत, आणि तोंड ओढणं. मद्यार्कासाठी ऊब, चटका, चरचर, चढत्या क्रमानं. 'जहाल' काढून टाकला. तो प्रत्येकाच्या मनात वेगळा आहे.

९ फेब्रुवारी

बैठक अर्धीच झाली. आजची मुख्य बाटली खराब निघाली. बूच काढल्यावर मला नीटसं कळलं नाही, वाइन नुसती मुकी वाटली. पाच मिनिटांनी मित्र म्हणाला, "ओला पुठ्ठा." आणि मग तोच वास सगळ्यांना येऊ लागला: पावसात भिजून कोनाड्यात राहिलेल्या खोक्याचा, कुबट. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं रसायन. बुचातून येतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, आणि स्वतःचा वास ओळखू येण्याआधीच फळाचा वास दाबून टाकतं. त्यामुळेच ती आधी मुकी वाटली.

बाटली फेकली नाही. छोट्या कुप्यांत भरून घट्ट बंद केली, प्रत्येक कुपीवर 'कुबट' अशी चिठ्ठी. खरा नमुना हाताशी असणं कुठल्याही व्याख्येपेक्षा बरं. घोड्याच्या तबेल्याचा वास, जो ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे येतो, त्याचाही नमुना मिळाला तर हवाय. 'मातकट', 'कुबट', 'बुरसट' आणि 'तबेला' हे चार वास लोक एकमेकांत मिसळतात. यातला मातकट कधीकधी गुण असतो, कुबट कधीच नाही.

१६ फेब्रुवारी

आता खाणं. पदार्थांवर थेट उडी न मारता आधी सुट्या चवी. एकच कॅबर्ने, समोर वाट्या: मीठ, साखर, लिंबू, लोणी, वाफवलेले मशरूम, लाल तिखट. प्रत्येक वेळी एक घोट आधी, मग वाटीतलं थोडं, मग पुन्हा घोट.

मिठापासून सुरुवात केली. बोटाच्या टोकावर मावेल एवढं मीठ जिभेवर ठेवलं, विरू दिलं, मग घोट घेतला. कडूपणा खाली बसला आणि फळ पुढे आलं. वाइन तीच, बाटली तीच, पण कुणी ओतून दिली असती तर मी दुसरी समजले असते. ताईनं खात्री करायला तीनदा केलं.

साखरेनं नेमकं उलटं. एका चमच्यानंतर तीच वाइन आंबट, पातळ आणि रुक्ष झाली. गोडाबरोबर वाइन पदार्थापेक्षा गोड असायला हवी, नाहीतर ती हरते. लिंबानंतर वाइनचा आंबटपणा कमी वाटला, गोलसर झाली, पण जराशी ढिलीही. लोण्यानं कडा बोथट झाल्या. नुसत्या मशरूमनंतर वाइन अधिक कडू आणि अधिक तुरट लागली. त्याच मशरूमवर मीठ आणि लोणी घातलं तेव्हा छान जुळली. उमामी, म्हणजे मशरूममधली ती भरीव चव, एकटी असली की तुरट वाइनला अडचणीत आणते, मीठ सोबत असलं की निभावतं. बऱ्याच नाराजींचं मूळ इथे असावं: पदार्थात मीठ कमी पडलेलं असतं आणि बोल वाइनला लागतात.

तिखटाचं सांगायला हवं. मिरचीतला कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता जाणणाऱ्या ज्या ग्राहीला चेतवतो, त्याच ग्राहीला मद्यार्कही चेतवतो. म्हणजे १५ टक्क्यांची वाइन तिखटावर पाणी टाकत नाही, तेल ओतते. दाजी तिखट सहज खातात, त्यांनाही पुढच्या घोटाला चटका बसला. तिखट जेवणावर भरदारच हवी असेल तर मद्यार्क कमी, टॅनिन मऊ, फळ जास्त अशी बघावी, आणि थोडी गार द्यावी.

२३ फेब्रुवारी

पूर्ण पदार्थ. मित्रानं शिजवलं, बाकीचे चाखत गेलो.

मटणाचा निखाऱ्यावर भाजलेला, चरबीची कड ठेवलेला तुकडा आणि मादिराँ: गोणपाट गेलं. मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवतात, चरबी तोंडाला अस्तर लावते, वर मीठ. त्याहून महत्त्वाचं, वाइननं चरबीचा जाडपणा कापला आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागला. दोघांनी एकमेकांचं काम केलं. चरबी काढून, बिनमिठाचा उकडलेला तुकडा दिला तर यातलं काही घडलं नाही.

ताईच्या ताटाकडे मी जास्त लक्ष दिलं, कारण भरदार वाइन म्हणजे मांस असं सगळीकडे लिहिलेलं असतं. थेट जाळावर करपवलेलं, तेल आणि मीठ लावलेलं वांगं शिराझसोबत सुरेख. करपटाला धुरकट जुळतं: ओकची पिंपं आतून आगीवर शेकतात, त्यातून ग्वायकॉलसारखे धुराचे वास वाइनमध्ये उतरतात, आणि वांग्याच्या सालीवरही तेच घडलेलं असतं. मुरलेलं, खारट, रवाळ चीज आणि कॅबर्ने: निर्विवाद. लोण्यात परतलेली मसूर आणि माल्बेक: अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली, आणि माल्बेकला अखेर न्याय मिळाला. अक्रोड मात्र फसले. अक्रोडाची साल स्वतःच तुरट. तुरटावर तुरट चढलं आणि ताईनं घोट थुंकून टाकला. साल काढलेले, भाजलेले, खारवलेले अक्रोड चालले.

काळं चॉकलेट आणि कोरडी लाल वाइन ही जोडी फार मिरवते. मला ती मुळीच पटत नाही. चॉकलेटची साखर वाइनला आंबट करते आणि त्याचा कडूपणा टॅनिनवर बसतो. चौघांपैकी कुणालाच आवडली नाही.

तेलकट मासा आणि लाल वाइन: तोंडात लोखंडी, शिळ्या माशाची चव. दोष एकट्या टॅनिनचा नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी स्कॅलॉप (एक प्रकारचे शिंपले) घेऊन दाखवलं, की वाइनमध्ये लोह जितकं जास्त तितकी ही चव जास्त. लोह कमी असलेली लाल वाइन माशाबरोबर खपून जाते. पण बाटलीवर लोहाचं प्रमाण लिहिलेलं नसतं.

२ मार्च

अमारोने. फक्त हीच एक ठेवली, कारण हिच्यापुढे दुसरी टिकली नसती.

इटलीतल्या वाल्पोलिचेल्लाच्या भागात कोर्व्हिना आणि तिच्यासोबतची द्राक्षं तोडून तीन-चार महिने हवेशीर जागी सुकवतात. वजन पुष्कळ घटतं, रस आटतो, साखर दाट होते, मग आंबवतात. नियमाने मद्यार्क किमान १४ टक्के. आमच्या बाटलीवर १६ होता.

ताईचा कागद: "सुकलेलं फळ, तंबाखूचं पान, कोको. तोंडात जाड, हळू सरकते. तुरटपणा पिठूळ, फळाखाली दबलेला. ऊब छातीपर्यंत. मिठी बसता बसता राहते." 'मिठी बसणं' हा शब्द मला कधीचा हवा होता. गोडाचा अतिरेक झाला की जिभेला मिठी बसते. अमारोने त्या कडेवर येऊन थांबते, कारण शेवटी एक कडसर रेघ उरते. नावातही अमारो, म्हणजे इटालियनमध्ये कडू. रेंगाळणं घड्याळ लावून मोजलं, तर ४० सेकंदांनंतरही कोको तोंडात होता.

निळ्या बुरशीच्या चीजबरोबर आमच्यात एकही दुमत नाही. खारट, स्निग्ध आणि उग्र. तिन्ही बाजूंनी वाइनच्या तोडीस तोड.

३ मार्च

काल उरलेली वाइन आणि परवाची मादिराँ आज पुन्हा चाखली. अमारोने तशीच. मादिराँ मात्र उमलली. परवा गोणपाट होतं तिथे आज जाडं सुती कापड. नवी, राकट वाइन सुरईत ओतून दोन तास ठेवणं यापुढे ठरलेलं. जुनी, मुरलेली असेल तर नाही. तिच्या तळाशी गाळ साठतो, कारण टॅनिन आणि रंगाचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना जोडले जात जड होतात आणि खाली बसतात. ती उभी ठेवून, गाळ वर येऊ न देता ओतायची आणि लगेच प्यायची. तिचा वास हवेत टिकत नाही.

१६ मार्च

शेवटची परीक्षा आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. शब्दपत्रक आणि सहा वाइनची वर्णनं ताईच्या एका मैत्रिणीला दिली. तिनं लाल वाइन आयुष्यात पाच-सहा वेळा घेतली असेल. रंग, द्राक्षाचं नाव, देश, काहीच सांगितलं नाही. सुरुवातीला तुरटीचं पाणी आणि लिंबाचं पाणी, बस्स.

सहांपैकी चार बरोबर. अदलाबदल झाली ती कॅबर्ने आणि माल्बेकची. तिचा कागद घेऊन मी पुन्हा दोन्ही प्याले चाखले आणि दोष माझ्या लिहिण्यात सापडला: दोन्हींपुढे मी 'तोंड ओढते' लिहिलं होतं, कुठे ओढते ते लिहिलंच नव्हतं. कॅबर्ने जिभेच्या कडांवर आणि हिरड्यांवर ओढते. माल्बेक मधोमध, आणि पटकन सोडते. दोन्ही वर्णनं तिच्यासमोरच दुरुस्त केली, प्याल्यांच्या जागा बदलल्या.

तिनं पहिला घोट घेतला, जीभ हिरड्यांवरून फिरवली आणि चिठ्ठी कॅबर्नेपुढे ठेवली.